चालीचा उतारा

विलास चौगुले स्वयंपाकघराच्या दारात आले आणि तिथंच राहिले. हातात चहाचा रिकामा कप, नजर मोरीकडे, आणि दोन्ही पाय फरशीत चिणून टाकल्यासारखे. त्यांची बायको पद्मजा ओट्यापाशी कांदा चिरत होती. तिने पाहिलं, पण हात पुढे केला नाही. हात दिलेला त्यांना खपत नसे.

"लावू?" तिने विचारलं.

"लाव बाई. या दाराचं आणि माझं काय वाकडं आहे, कुणास ठाऊक."

तिने फोनवरचं एक बटण दाबलं. विलासरावांच्या कानातल्या इवल्याशा यंत्रात लेझमीचा ठेका सुरू झाला. त्यांचे आवळलेले खांदे सैल झाले, उजवा पाय उचलला गेला, आणि उंबरा ओलांडून ते मोरीपर्यंत असे गेले की पाहणाऱ्याला वाटावं, हा माणूस रोज कोसभर चालत असणार.

एके काळी चालतही होते. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून त्यांची उभी नोकरी कालव्याच्या भरावावर गेली. कुठे पाणी झिरपतंय, कुठे कोणी रात्रीतून पाट फोडलाय, हे ते चालता चालता ओळखत. निवृत्तीच्या जरा आधी उजव्या हाताचा अंगठा थरथरू लागला. मग सही बारीक झाली, आवाज बारीक झाला, आणि शेवटी पावलं बारीक झाली. कंपवात. मिरजेसारख्या डॉक्टरांच्या गावात निदान व्हायला वेळ लागला नाही. औषधांनी थरथर आटोक्यात आली, पण दार दिसलं की पाय गोठायचे ते गोठतच राहिले.

या गोठण्याचं कारण मेंदूच्या तळाशी असतं. आपण चालतो तेव्हा प्रत्येक पावलाचा विचार करत नाही. आत कोणीतरी ताल धरून बसलेलं असतं आणि पाय त्या तालावर पडत राहतात. कंपवातात हा आतला ताल धरणारी केंद्रं थकतात. अरुंद जागा आली, वळण आलं, दार आलं, की ताल तुटतो आणि पायांना हुकूमच पोचत नाही. गंमत अशी की कानाकडून पायाकडे जाणारी मेंदूतली दुसरी वाट बरीचशी शाबूत असते. आतला ताल गेला तर बाहेरचा उसना घेता येतो. हे डॉक्टरांना कित्येक वर्षांपासून माहीत होतं. पण लंबकासारखा एकसुरी टिकटिकाट सपाट जमिनीवर चालायचा आणि दारापाशी हरायचा.

त्यापुढची वाट सापडली ती एका वरातीत. डॉ. शर्वाणी मगदूम एका लग्नाला गेल्या होत्या. नवरदेवाचे आजोबा त्यांचे पेशंट. मांडवाच्या दारात दोघांनी धरूनही त्यांचं पाऊल पडेना. आणि तासाभराने तेच आजोबा वरातीत डीजेच्या गाडीमागून बाजारपेठेतून चालत निघाले होते, भर गर्दीतून, कोणी न धरता! डॉक्टरीणबाई नवरानवरीला सोडून डीजेच्या गाडीवर चढल्या. कन्सोलमागे उभ्या असलेल्या माणसाला त्यांनी ओरडून विचारलं, "तुम्ही आत्ता काय केलंत?"

तो माणूस इम्तियाज मुजावर. "मी कुठं काय केलं? म्हाताऱ्याकडं बघून वाजवलं," एवढंच तो म्हणाला.

तिथून पेशंटना चालवायचा गुरुवारचा वर्ग सुरू झाला, पहिल्या मजल्यावरच्या एका हॉलमध्ये. 'नादवेग' नावाचं डीजेचं एक सॉफ्टवेअर होतं. पेशंटच्या दोन्ही पायांना बांधायच्या पातळ पट्ट्या त्याला जोडता यायच्या, म्हणजे पाऊल कधी पडलं, किती लांब पडलं, हे गाणं वाजवणाऱ्याला समोरच्या पडद्यावर दिसायचं. इम्तियाजने एकेका पेशंटला चालवून, त्याच्याबरोबर मागंपुढं करून, प्रत्येकाची वेगळी प्लेलिस्ट बांधली. डॉक्टरीणबाई तिला 'चाल' म्हणत. गाण्याची चाल आणि पायांची चाल, दोन्ही एकाच शब्दात आल्या. पेशंटने आपली चाल घरी न्यायची, पायांना पट्ट्या बांधायच्या आणि ती फोनवर लावायची.

पद्मजाला सुरुवातीला हे पटलं नव्हतं. ती पॉलिटेक्निकमध्ये संगणक शिकवायची आणि गल्लीत डीजे नको म्हणून दिलेल्या अर्जावर पहिली सही तिची होती. इम्तियाजला ते कोणीतरी सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी तो हसून म्हणाला, "मॅडम, आज आवाज फक्त साहेबांच्या कानात. तुमची झोपमोड न्हाई." त्या दिवशी विलासराव हॉलच्या दारातून आत आले, बाहेर गेले, पुन्हा आत आले, आणि नंतर उगाचच आणखी एकदा बाहेर जाऊन आले. पद्मजाने त्या दिवसापासून इम्तियाजला 'भाई' म्हणायला सुरुवात केली.

सगळं सुरळीत चाललं असताना दसऱ्याच्या सुमारास बातमी आली. 'नादवेग' कंपनी विकली गेली होती. नव्या मालकांनी कळवलं की जुनं सॉफ्टवेअर दिवाळीनंतर बंद होईल. त्याच्या जागी नवं, स्वयंचलित यंत्र येईल. पेशंटची पावलं बघून ते स्वतःच ताल ठरवेल, डीजेची गरज नाही. जुन्या प्लेलिस्ट त्यात नेता येतील, पण फक्त गाण्यांची नावं. गाण्यात कुठे वेग बदलायचा, कुठे ठोका वाढवायचा, त्याच्या हाताने घातलेल्या खुणा येणार नाहीत.

नव्या यंत्राची चाचणी विलासरावांनीच आधी घेतली. सपाट हॉलमध्ये ते झकास चालले. दारापाशी पावलं बारीक झाली, यंत्राने ताल जसाच्या तसा चालू ठेवला, आणि विलासराव गोठले. त्यांनी कानातलं काढून टेबलावर ठेवलं.

"हे मला चालवतं," ते म्हणाले. "इम्तियाज माझ्याबरोबर चालतो. एवढा फरक आहे."

घरी येताना रिक्षात पद्मजा मनातल्या मनात हिशेब करत होती. जुन्या सॉफ्टवेअरची फाइल तिच्या लॅपटॉपमध्ये होती. गाणी विकत घेतलेली, खुणा इम्तियाजच्या, पावलं विलासरावांची. कंपनीच्या करारातही लिहिलं होतं की यादीतला मजकूर ज्याचा त्याचा. कंपनीचं होतं ते फक्त कुलूप, म्हणजे मजकूर ज्या सांकेतिक पद्धतीने साठवलाय ती पद्धत. कुलूपवाला गाव सोडून चालला असेल, तर सामान बाहेर काढून ठेवायला नको का?

सामान ठेवायची जागाही तयार होती. प्लेलिस्ट लिहायची एक सर्वमान्य पद्धत बऱ्याच वर्षांपासून जगभर चालत आली होती. साध्या अक्षरांत, ओळीखाली ओळ. हे गाणं, इथून सुरू, इतका वेग, या ठिकाणी खूण. कुठलंही सॉफ्टवेअर ती वाचू शकतं, आणि सॉफ्टवेअर नसलं तर माणूसही वाचू शकतो.

दिवाळीच्या सुट्टीत पद्मजा कामाला बसली. फराळाचं तिने शेजारच्या वहिनींना सांगून टाकलं. तिच्या पडद्यावर चित्रं नव्हती, बटणं नव्हती. नुसती काळी खिडकी आणि तिच्यात लुकलुकणारी एक रेघ. विद्यार्थ्यांना या खिडकीची भीती वाटायची. पद्मजाला ती फार आवडायची. इथे कोणी तुम्हाला खुणावत नाही, फसवत नाही. काय हवं ते नेमकं लिहायचं, एन्टर दाबायचं. जे मागितलं तेच मिळतं. जास्त नाही, कमी नाही.

कंपनीची फाइल तिने कच्च्या आकड्यांत उघडली. आकड्यांच्या त्या रानात तिला आधी गाण्यांची नावं ओळखू आली, मग वेग, मग ठोक्यांची आखणी, मग इम्तियाजच्या खुणा. एकेक गोष्ट ओळखायची आणि तिच्यासाठी प्रोग्राममध्ये चार ओळी लिहायच्या, असं करत करत तिने एक लहानसा प्रोग्राम तयार केला. त्याला नाव दिलं 'उतारा'. जुन्या कागदाची नवी नक्कल ती उतारा, आणि बाधेवरचा उपायही उतारा. काळ्या खिडकीत उतारा असं लिहायचं, पुढे जुन्या फाइलचं नाव, त्यापुढे नव्या फाइलचं. बस्स.

पाडव्याच्या सकाळी तिने हुकूम दिला. ओळी सरसर वर सरकल्या आणि थांबल्या. शेवटची ओळ होती: रूपांतर पूर्ण, चुका शून्य.

"अहो, या इकडे!" तिने हाक मारली.

विलासरावांनी कानात यंत्र घातलं. लेझमीचा ठेका सुरू झाला, तोच, तसाच. ते खुर्चीतून उठले, बैठकीतून चालत आले. स्वयंपाकघराच्या दाराशी पावलं बारीक झाली, घाईची झाली. आणि उंबऱ्याच्या अलीकडे ते थांबले.

त्यांनी कानातलं काढून हातात घेतलं. मग विलासराव म्हणाले, "गाणं तेच आहे गं. पण इम्तियाज नाही त्यात."

पद्मजा पुन्हा पडद्यासमोर बसली. चुका शून्य! प्रोग्राम खोटं बोलत नव्हता. तिने त्याला जे शोधायला सांगितलं होतं त्यात चूक नव्हती. जे शोधायलाच सांगितलं नाही, त्याची चूक तो मोजणार कसा? फाइलच्या शेवटी आकड्यांचा एक मोठा गठ्ठा होता. त्याचा अर्थ लागला नव्हता, म्हणून तिने तो वगळला होता. काहीतरी अंतर्गत नोंदी असतील, असं समजून.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. बहिणीकडचं जेवण उरकून इम्तियाज आपला कन्सोल घेऊन आला. गावात भाऊबीजेला त्याला ओवाळणाऱ्या बहिणी बऱ्याच होत्या.

"भाई, तुम्ही साहेबांना चालवताना नक्की काय करता?"

"खुणा घातल्यात की. त्यावर चालतात साहेब."

"खुणा सगळ्या आल्यात. तरी चालत नाहीत. तुम्ही नेहमीसारखं वाजवा, मी बघते."

विलासराव उठले, इम्तियाजने वाजवलं, आणि दार सहज ओलांडलं गेलं. पद्मजाने वाजवण्याआधीची फाइल आणि नंतरची फाइल शेजारी ठेवून ताडून बघितली. सगळं सारखं होतं. फक्त शेवटचा तो गठ्ठा वाढला होता.

"पुन्हा," ती म्हणाली. "आता डावा हात खिशात घालून वाजवा."

इम्तियाजने तसं केलं. विलासराव दारात अडले, आणि गठ्ठा जिथल्या तिथे राहिला.

डावा हात! कन्सोलवरच्या फिरत्या चकतीवर इम्तियाजची डाव्या हाताची बोटं नुसती टेकलेली असायची. सॉफ्टवेअर त्या बोटांची हालचाल टिपून ठेवत होतं, आणि घरी फोनवर चाल लागली की पावलं बघून तीच परत वापरत होतं. सेकंदाच्या हजाराव्या हिश्शात, ठोका कधी किंचित लवकर, कधी किंचित उशिरा. पद्मजाने त्या आकड्यांचा आलेख काढला आणि त्याच्यावर पावलांचा आलेख ठेवला. मग ती बराच वेळ बघत राहिली. विलासरावांची पावलं बारीक व्हायला लागली की इम्तियाज ठोका केसभर आधी द्यायचा, जणू पावलाला बोलवायचा. आणि उंबऱ्यापाशी एकच ठोका तो धरून ठेवायचा, पाऊल पडेपर्यंत. पाऊल पडलं की सोडायचा. प्रत्येक वेळी, न चुकता.

"मी असं करतो?" इम्तियाजने पडद्यावरची ती वर चढून थबकणारी रेघ पाहिली. "काय सांगता! मला तर वाटायचं, बोटं नुसती ठेवलीत. सवय. चकती मोकळी सोडवत न्हाई मला."

"सवय नाही ही. तुम्ही थांबता त्यांच्यासाठी."

इम्तियाजने आपला डावा हात उलटसुलट करून बघितला, जणू तो पहिल्यांदाच दिसत होता.

पद्मजाने प्रोग्राम पुन्हा लिहिला. सर्वमान्य पद्धतीत जादा ओळी घालायची सोय होती. ज्या सॉफ्टवेअरला त्या कळत नाहीत ते त्या सोडून पुढे जातं. तिने एक नवी ओळ घातली आणि तिला नाव दिलं 'हात'. त्या ओळीत नुसते जुने आकडे नव्हते. पावलं इतकी लहान झाली तर ठोका इतका आधी, आणि उंबऱ्यापाशी धरायचा तो इतका वेळ, असा इम्तियाजच्या हाताचा कायदाच तिने त्या आलेखातून काढून लिहिला होता. सोबत पायांच्या पट्ट्या वाचून, ती ओळ समजून गाणी वाजवणारं एक छोटं ॲपही केलं. पुन्हा उतारा, पुन्हा एन्टर. या वेळी विलासराव दार ओलांडून गेले, मागच्या अंगणातून फेरी मारून पुढच्या दाराने आत आले आणि म्हणाले, "आला. इम्तियाज आला."

पद्मजा ओट्याला टेकून उभी राहिली आणि पदराने डोळे पुसत हसत सुटली.

आता उरलं होतं ते सोपं, असं तिला वाटलं. प्रोग्राम इंटरनेटवर खुला ठेवायचा, म्हणजे गुरुवारच्या वर्गातल्या सगळ्यांच्या चाली उतरवता येतील. आणि नुसत्या मिरजेतल्याच कशाला? 'हात'ची ओळ एकदा लिहिली गेली, की कुठलाही डॉक्टर, कुठलीही नर्स ती आपल्या पेशंटच्या गाण्याखाली चिकटवू शकेल.

पण त्याच संध्याकाळी इम्तियाजचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. कंपनीच्या नव्या मालकांनी त्याला बंगळुरूला बोलावलं होतं. त्याच्या पेशंटचे निकाल सगळ्यात चांगले, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांना आपल्या यंत्राला त्याचा हात शिकवायचा होता. कायमची नोकरी, राहायला जागा, पोरीच्या कॉलेजची सोय. "मॅडम, वरातीच्या गाडीवर जन्म गेला. आता खुर्चीत बसायला मिळंल," तो म्हणाला.

पद्मजाने त्याचं मनापासून अभिनंदन केलं आणि फोन ठेवला. मग तिच्या लक्षात आलं. तिने 'उतारा' खुला केला, तर इम्तियाजचा हात उद्या कोणालाही फुकट मिळेल. मग कंपनी त्याला कशाला बोलावेल?

तिने प्रोग्राम खुला केला नाही.

दिवाळी संपली आणि ठरल्याप्रमाणे जुनं सॉफ्टवेअर बंद पडलं. गुरुवारी विलासराव वर्गाला गेले ते आपल्या उतरवलेल्या चालीवर, दिमाखात. बाकीचे भिंतीलगतच्या खुर्च्यांवर बसून होते. कोणी तक्रार केली नाही. शेवंताबाई सूर्यवंशी म्हणून एक म्हाताऱ्या बाई होत्या, त्यांनी विलासरावांना फिरताना बघून कौतुकाने टाळ्यासुद्धा वाजवल्या.

घरी आल्यावर विलासरावांनी कानातलं यंत्र काढलं आणि पद्मजाच्या लॅपटॉपवर ठेवलं.

"हे ठेव. त्यांना मिळेल तेव्हा मला दे."

"अहो, पण..."

"कालव्यावर तीस वर्षं मी एकच गोष्ट बघितली. वरच्याने पाणी अडवलं की खालच्याची जमीन वाळते. आणि वरचा काही वाईट माणूस नसतो. त्याच्या दारात पाणी आलेलं असतं, एवढंच."

"मी अडवलं नाहीये," पद्मजाचा आवाज चढला. "प्रोग्राम माझा आहे, तो मी आत्ता वाटून टाकते. पण हात माझा नाही. त्याच्या हातावर त्याचं घर चालायचंय. दुसऱ्याची वस्तू मी कशी वाटू?"

"मग त्याला विचार."

"विचारलं की तो नाही म्हणायचा नाही. म्हणून तर विचारवत नाही!"

यंत्र मात्र विलासरावांनी परत घेतलं नाही. त्या दुपारी ते दारात अडले, तेव्हा कपाटाचा आधार घेत, भिंतीला धरत, ओठ आवळून त्यांनी दार पार केलं. पद्मजा पाहत राहिली. हा माणूस तिला लग्नाच्या इतक्या वर्षांनी जरा नव्याने उमगला, आणि त्याचा राग येता येता अभिमान वाटून गेला.

तिने शेवटी इम्तियाजला सगळं खरं सांगितलं. प्रोग्राम तयार आहे. खुला केला तर काय होईल, तेही. "तुम्ही म्हणाल तसं. बंगळुरूला गेलात तरी माझ्या मनात काही येणार नाही."

"गुरुवारी येतो," एवढंच इम्तियाज म्हणाला.

गुरुवारी तो आला तो कन्सोल न आणता. काखेत घरातला जुना डफ. हॉलच्या मधोमध उभा राहून तो म्हणाला, "चला, एकेक जण उठा. मशीन बंद हाय, मी चालू हाय."

आणि त्याने सुरुवात केली. पेशंटसमोर उभं राहायचं, त्याच्या खांद्यांकडे बघत डफ वाजवायचा आणि स्वतः उलटं चालत त्याला आपल्या मागे आणायचं. दारापर्यंत, दारातून बाहेर, पुन्हा आत. एक मास्तर चालले, एक शिंपी चालले, एक निवृत्त पोस्टमन चालले. विलासरावही चालले, आणि दार ओलांडताना त्यांनी इम्तियाजच्या खांद्यावर थाप मारली. प्रत्येकाचा ताल वेगळा, प्रत्येकाचा अडण्याचा क्षण वेगळा, आणि प्रत्येक वेळी तो डफावरचा हात हवेत धरून थांबायचा, समोरचं पाऊल पडेपर्यंत. पद्मजाने आलेखात पाहिलेली रेघ आता तिच्या डोळ्यांसमोर हवेत थबकत होती. असं काही तिने जन्मात पाहिलं नव्हतं. डॉ. मगदूम भिंतीला टेकून, हाताची घडी घालून बघत होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

पण माणसाचा हात तो माणसाचाच. निम्म्या खुर्च्या रिकाम्या व्हायच्या आत इम्तियाजचा सदरा भिजला. पंजा सुजला. तो थांबून पाणी प्यायला, पुन्हा उठला, आणखी दोघांना चालवलं, आणि डफ हातातून निसटून खाली पडला. हॉलची वेळ संपत आली होती. शेवंताबाई शेवटच्या खुर्चीत आपल्या पाळीची वाट बघत होत्या. त्या म्हणाल्या, "राहू दे बाळा. आता पुढच्या गुरुवारी."

इम्तियाज त्यांच्यापाशी खाली बसला. थोड्या वेळाने तो उठून पद्मजाकडे आला.

"मॅडम, तुमचं ते काळ्या खिडकीतलं तयार हाय न्हवं?"

"आहे."

"मग टाका. सगळ्यांसाठी टाका."

"भाई, तुमची नोकरी..."

"मी एकावेळी एकालाच चालवू शकतो," तो सुजलेला पंजा चोळत म्हणाला. "आज कळलं ते. कंपनीला हात दिला तर तो कंपनीच्या गिऱ्हाइकाला मिळंल. शेवंताबाई कुठं बंगळुरूच्या गिऱ्हाईक हायेत? फक्त एक करा. त्या ओळीत माझं नाव घाला. पोरीला दाखवीन."

पद्मजाने तिथंच, हॉलच्या टेबलावर, लॅपटॉप उघडला. 'हात' या ओळीखाली तिने आणखी एक ओळ लिहिली: इम्तियाज मुजावर, मिरज, यांच्या डाव्या हातावरून. मग हुकूम टाइप केला, आणि एन्टर त्याला दाबायला लावलं.

कंपनीने आठवड्याभरात दोन ओळींत कळवलं की ती जागा आता भरायची नाही. इम्तियाज लग्नसराईत पुन्हा गाडीवर चढला. विलासरावांनी आपलं यंत्र परत कानात घातलं, पण शेवंताबाईंना त्यांची चाल मिळाल्यावरच. आणि 'उतारा' गावोगाव पसरला. लातूरच्या एका डॉक्टरने हलगीवर चाल बांधली, रत्नागिरीच्या एका नर्सने बाल्यांच्या नाचावर. पक्षाघातातून उठलेल्या माणसांसाठी कोणी वेगळी 'हात'ची ओळ लिहिली. कुणी चुका दाखवल्या, कुणी सुधारल्या. काळ्या खिडकीची भीती वाटणारे पद्मजाचे विद्यार्थी आता आपणहून तिच्या मागे लागले.

उन्हाळ्यात एक फाइल आली ती मेळघाटातल्या धारणीहून. पाठवणारीचं नाव सुनंदा बेठेकर. खाली एकच ओळ: ही चाल पायऱ्या उतरण्यासाठी आहे, तपासून बघाल का?

इम्तियाजने गुरुवारी हॉलमध्ये ती ऐकली. एकदा, दोनदा, मग डोळे मिटून तिसऱ्यांदा. पायऱ्या उतरायची चाल त्याने स्वतः कधी बांधली नव्हती. हॉल पहिल्या मजल्यावर होता आणि त्याचे सगळे पेशंट लिफ्टनेच यायचे, लिफ्टनेच जायचे.

"मॅडम, हे बघा," तो म्हणाला. "हिनं ठोका पाऊल टेकताना दिलाच न्हाई. गुडघा वाकायला लागतो तिथं दिलाय. खालची पायरी यायच्या आधी अंगाला सांगावा जातो. माझ्या डोक्यात आलं न्हवतं हे." त्याने तिथूनच फोन लावला. "सुनंदाताई? मी मिरजेहून इम्तियाज मुजावर."

पलीकडून एक दचकलेला आवाज आला. "हातवाले इम्तियाजभाई?"

"तुम्ही कुठला कन्सोल वापरता ताई?"

"कन्सोल कुठला भाऊ? मी फिजिओथेरपिस्ट आहे. आमच्या दवाखान्याला नुसत्या पायऱ्या, लिफ्टबिफ्ट काही नाही. तुमची फाइल उघडली तर साधी अक्षरं आणि आकडे. मग फोनवरच एकेक आकडा बदलत बसले. आमची एक आजी आहे, तिच्या कोरकू गाण्यावर. ती उतरेपर्यंत बदलत राहिले. चुकलंय का काही?"

कान पकडून, जणू ती समोरच उभी आहे, इम्तियाज म्हणाला, "चुकलं कुठं ताई! मला शिकवाल का हे?"

पद्मजा तो संवाद ऐकण्यात गुंगली होती. ती फाइल विलासरावांच्याही फोनवर गेली होती, हे कोणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं. खालून हाक आली तेव्हा ती दचकली.

"पद्मजा! अगं ए पद्मजा!"

ती जिन्याकडे धावली. विलासराव जिन्याच्या तळाशी उभे होते. एकटे. एक हात कठड्यावर, दुसरा कमरेवर.

"लिफ्टची वाट बघून कंटाळलो," ते खालून म्हणाले. "चहा प्यायला चाललोय. तुमचं बोलणं होऊ द्या निवांत."

इम्तियाज फोन कानाला लावूनच कठड्यावरून वाकला होता. त्याने खाली बघितलं, पुन्हा एकदा बघितलं.

"ताई," तो फोनमध्ये म्हणाला, "साहेब खाली पोचले."

"पोचले ना?" धारणीहून सुनंदाचं हसू ऐकू आलं. "मग आता चढायचं तुम्ही बघा भाऊ. ते मला अजून जमलेलं नाही."